त्राटिका कोणावर चिडली होती?

पेट किंवा सेटची तयारी करत असाल तर भाषाविज्ञानाच्या नोट्समध्ये हे चार शब्द तुम्ही नक्की पाठ केले असतील: अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थोत्कर्ष, अर्थापकर्ष. प्रत्येकापुढे एकेक उदाहरण. तेल म्हणजे आधी फक्त तिळाचं, नंतर कशाचंही, झाला विस्तार. मृग म्हणजे आधी रानातला कुठलाही पशू, नंतर फक्त हरीण, झाला संकोच. साहस म्हणजे संस्कृतात दांडगाई, गुन्हा, आपल्याकडे धाडस, झाला उत्कर्ष. मीही हे असंच पाठ केलं होतं, कल्याण-मुरबाड एसटीत उभ्या उभ्या. मार्कही मिळाले. मग पीएच.डी.ला नाव नोंदवलं, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या बोलण्यात तापट, भांडखोर, खडूस माणसांसाठी कोणते शब्द वापरतात यावर काम सुरू केलं, आणि दुसऱ्या वर्षी माझे हे चारही डबे एका प्रश्नानं रिकामे निघाले.

प्रश्न माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारला होता. त्याआधी काय झालं ते सांगते.

शहापूर तालुका तुम्हाला माहीत आहे. भातसा, तानसा, मोडकसागर, मुंबईचं बरंचसं पाणी इथून जातं, आणि एप्रिल-मे महिन्यांत इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. बऱ्याच ठिकाणी टँकर विहिरीत रिकामा करतात आणि मग बायका दोर-बादल्या घेऊन काठावर तुटून पडतात. अशाच एका पाड्यावर मी शब्द गोळा करायला गेले होते. काठावर एक साठीची बाई उभी होती आणि तिच्या आवाजापुढे टँकरचं इंजिन ऐकू येत नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसानं हसत मला सांगितलं, "ही आमची तराटका." मी खूश! इतके दिवस 'चिडकी', 'भांडकुदळ' असे पुस्तकी शब्द मिळत होते, आज एकदम रामायणातला शब्द, तोही बोलीतल्या उच्चारासह. वहीत लिहिलं: तराटका (त्राटिका) – भांडखोर बाई – अर्थापकर्ष? – गाव, तारीख, बोलणारा पुरुष, वय अंदाजे ४५.

मॅडमनी नोंद वाचली. म्हणाल्या, "बरं. पण ती भांडत कशासाठी होती?"

वहीत ते नव्हतंच. मी तिथे तासभर उभी होते, कानांवर सगळं पडत होतं, आणि मी लिहून घेतला होता तो फक्त तिला ठेवलेला शब्द. ठेवणाऱ्याचं वय लिहिलं, तिचं म्हणणं नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की आपल्या बोलीतल्या शब्दाला जुनी लेखी साक्ष फारशी नाही, त्यामुळे आधी असा एक शब्द घे ज्याचा सात-आठशे वर्षांचा माग लेखी सापडतो, आणि बघ अशा शब्दांचं होतं काय. म्हणून मी इंग्रजीतल्या 'श्रू' या शब्दाकडे गेले. इंग्रजी चांगलं होतं म्हणून नव्हे. माझं इंग्रजी कसं आहे ते माझ्या पहिल्या सेमिनारला बसलेल्यांना विचारा.

श्रू म्हणजे चिचुंद्री. आपल्या घरांत रात्री भिंतीच्या कडेकडेनं चिकचिक करत पळते तीच. दिसते उंदरासारखी, पण उंदराच्या जातीची नाही. ती किडे खाते, कुरतडत बसत नाही. अंगाला इतका उग्र दर्प, की मांजरसुद्धा सहसा तोंड लावत नाही. जुन्या इंग्रजीत या प्राण्याला 'श्रेआवा'च्या जवळ जाणारा शब्द होता. तेराव्या शतकापासून तोच शब्द माणसाला लागलेला दिसतो: दुष्ट, खुनशी, वाईट वृत्तीचा माणूस. सैतानालाही तो लावला जाई. आणि हे नीट लक्षात घ्या, माणूस म्हणजे पुरुषसुद्धा. चौदाव्या शतकात चॉसर हा शब्द बिनदिक्कत पुरुषांना वापरतो. बाईला लावायचा शब्द म्हणून तो हळूहळू आकसत गेला, आणि १७५५ साली डॉ. जॉन्सनचा कोश आला तोवर त्याची व्याख्या सरळ 'अशी अशी बाई' म्हणून होत होती, सहा विशेषणं लावून. त्यातलं एकही विशेषण चांगलं नाही.

तर पहिला डबा, अर्थसंकोच. पण थांबा, याच शब्दाची एक शाखा दुसरीकडे गेली. श्रूपासून झालेलं विशेषण 'श्रूड'. आज कुणाला श्रूड म्हटलं तर ते कौतुक असतं: चाणाक्ष, व्यवहारात पक्का. १३०० च्या आसपास त्याचा अर्थ होता दुष्ट. मग त्रासदायक, धारदार, कावेबाज असं करत करत तो आजच्या जागी येऊन बसला. शेक्सपिअरच्या वेळी तो अधेमध्ये कुठेतरी होता. 'मच अडू अबाउट नथिंग'मध्ये काका पुतणीला बजावतो, की जीभ अशी 'श्रूड' राहिली तर तुला नवरा मिळणार नाही. म्हणजे तिथे तो अजून दोष आहे. पुढे हेच विशेषण व्यापाऱ्यांना आणि राजकारण्यांना लागलं आणि त्याचा गुण झाला.

आता परीक्षेच्या भाषेत उत्तर काय लिहाल? श्रू: अर्थसंकोच. श्रूड: अर्थोत्कर्ष. दोन्ही बरोबर, दोन-दोन मार्क. पण एकाच मुळाच्या दोन फांद्या उलट दिशांना का गेल्या, हे त्या उत्तरात कुठेच येत नाही. शिवी बाईच्या वाट्याला राहिली आणि कौतुक बहुतेक पुरुषांच्या बाजूला गेलं. अर्थ 'बदलला' असं आपण म्हणतो तेव्हा तो आपोआप, हवेत बदलत नाही. कुणीतरी कुणालातरी तो शब्द लावत राहतं, आणि लावायचं माणूस बदललं की अर्थही हलतो. माझ्या मते आपल्या नोट्समधली मोठी उणीव ही आहे, की शब्द 'कुणाला लावला' हा रकानाच त्यांत नाही.

एक धोक्याची सूचनाही इथेच देते, कारण मी तिथे घसरले होते. 'चिचुंद्री चिकचिक करते, म्हणून भांडखोर माणसाला चिचुंद्री म्हणू लागले' असं एक सुरेख वाक्य मी प्रकरणात लिहिलं होतं. मग लक्षात आलं, की जुन्या इंग्रजीनंतर मधली कित्येक शतकं हा शब्द प्राण्याच्या अर्थानं लेखी जवळजवळ सापडत नाही, तो पुन्हा दिसतो सोळाव्या शतकात. मधल्या काळात माणसाचा अर्थ मात्र जोरात चालू आहे. शिवाय मध्ययुगीन जर्मनमधला याचा एक नातेवाईक शब्द सैतान या अर्थाचा आहे. म्हणजे प्राण्यावरून माणूस, ही वाट वाटते तितकी सरळ नाही. तिथल्या लोकांचा या प्राण्यावर राग होता हे मात्र पक्कं. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्यानं १७८९ च्या आपल्या पुस्तकात एका झाडाची हकिगत दिली आहे. चिचुंद्री गुराच्या अंगावरून गेली की गुराचा तो भाग लुळा पडतो अशी समजूत होती. त्यावर उपाय म्हणून अ‍ॅश नावाच्या झाडाला भोक पाडून जिवंत चिचुंद्री त्यात कोंबत आणि भोक बुजवून टाकत. मग त्या झाडाची डहाळी गुरावरून फिरवायची. गुराला काय झालंय ते कळत नाही, दोष चिचुंद्रीचा! म्हशाच्या जत्रेत गुरांचा बाजार पाहिलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल, पण आजारी गुरावरून काहीतरी ओवाळून टाकणारे आपल्याकडेही आहेत, तेव्हा फार हसू नका.

आता नाटकाकडे येते, कारण हा शब्द मराठीत आला तो नाटकाच्या दारानं. शेक्सपिअरचं 'द टेमिंग ऑफ द श्रू' हे १५९० च्या आसपासचं. पदव्युत्तर वर्गात आपल्याला त्याची गोष्ट अशी सांगतात: भांडखोर कॅथरिनाला पेट्रुचिओ वठणीवर आणतो. मूळ नाटक उघडून वाचलंत तर पहिल्याच अंकात दुसरं काही दिसतं. बाप भर रस्त्यात, धाकटीच्या मागे लागलेल्या मुलांसमोर जाहीर करतो, की थोरलीला नवरा मिळाल्याशिवाय धाकटीचं लग्न होणार नाही. थोरली तिथेच उभी आहे. ती बापाला विचारते, या असल्यांसमोर माझा तमाशा मांडायचाय का तुम्हाला? पुढे ती सरळ म्हणते, की तुमचं खरं धन ती धाकटीच. मला सांगा, तुमच्या लग्नाची चर्चा चारचौघांत अशी झाली तर तुम्ही काय कराल? कॅथरिना हात उचलते, वाद्य डोक्यात घालते, हेही खरं. पण तिच्या रागाला कारण आहे आणि ते नाटककारानं आपल्या हातात दिलं आहे. नावात मात्र ते नाही. नावात आहे फक्त श्रू.

आणि एक जागा तर मला फार महत्त्वाची वाटते. चौथ्या अंकात पेट्रुचिओ नव्या बायकोला घरी आणतो. वाटेत त्यानं तिला चिखलात पडू दिलं, नोकराला बडवलं, धिंगाणा घातला. हे सगळं ऐकल्यावर घरचा एक नोकर म्हणतो, या हिशेबानं तिच्यापेक्षा हाच जास्त श्रू दिसतोय. एका साध्या नोकराच्या तोंडची एक ओळ. पण ती शक्य झाली ती शब्द तेव्हा पुरता बाईचा झाला नव्हता म्हणून. शंभर-दीडशे वर्षांनी हीच ओळ लिहिली असती तर ती नुसती गंमत वाटली असती. तेव्हा तिच्यात आरोप आहे. शब्दाचा इतिहास माहीत नसेल तर ही ओळ आपण हसून पुढे जातो, आणि नाटक कोणाला श्रू म्हणतंय हा प्रश्न आपल्या हातून निसटतो. (पुढे तो तिला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही आणि ससाण्याला माणसाळवण्याची पद्धत आपण वापरतोय असं प्रेक्षकांना स्वतःच सांगतो. 'टेमिंग'ला 'वठणीवर आणणं' म्हणणाऱ्यांनी तो भाग एकदा वाचावा.)

या नाटकाचं मराठी रूप म्हणजे वासुदेव बाळकृष्ण केळकरांचं 'त्राटिका', १८९१ च्या सुमाराचं. केळकर फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक. शाहूनगरवासी नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं आणि गाजवलं. हीच मंडळी आगरकरांच्या 'विकारविलसित'मधून गणपतराव जोशांचा हॅम्लेट दाखवत होती. तेव्हा शेक्सपिअर मराठीत येणं ही मोठी घटना होती आणि केळकरांनी तो सभागृहात बसणाऱ्या माणसाला कळेल असा आणला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. नावाचाच विचार करा. 'चिचुंद्रीचं दमन' असं नाव दिलं असतं तर नाटक पहिल्या रात्रीच पडलं असतं. 'त्राटिका' म्हटल्यावर पुण्यापासून नागपुरापर्यंत कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. नाव म्हणून ते झकास आहे.

पण वाचन म्हणून मला ते पटत नाही, आणि का ते सांगते. चिचुंद्री एवढीशी असते. तिची भीती वाटत नाही, किळस येते, कधी दयाही येते. त्राटिका राक्षसीण आहे, आणि रामायण माहीत असलेल्या प्रत्येकाला तिचा शेवट माहीत आहे: रामाच्या बाणानं ती मरते. पडदा वर जायच्या आधीच न्याय झालेला आहे. नवरा राम झाला, बायको राक्षसीण झाली. आता तिनं पहिल्या अंकात काहीही कारण सांगितलं तरी ऐकणार कोण? दुसरं, मूळ शब्द पुरुषालाही लागू शकत होता. त्राटिका लागत नाही. 'तिच्यापेक्षा हाच जास्त त्राटिका' हे मराठीत म्हणून बघा. जीभ अडखळते. एका शब्दाच्या निवडीनं त्या नोकराच्या ओळीची वाट बंद होते. दोन्हीकडे, म्हणजे शेक्सपिअरकडे आणि शाहूनगरवासींकडे, ही भांडखोर बाई उभी करणारा नट पुरुषच होता ही वेगळीच गंमत, पण ती दुसऱ्या लेखासाठी ठेवते.

इथवर आल्यावर वाटलं, आपण निदान मूळ त्राटिका तरी वाचली आहे का? लहानपणी ऐकलेली गोष्ट म्हणजे वाचन नव्हे. वाल्मीकींच्या बालकांडात ती आहे ताटका. आणि ती जन्मानं राक्षसीण नाहीच. सुकेतू नावाच्या यक्षाची ती मुलगी, हजार हत्तींचं बळ असलेली. सुंदाशी तिचं लग्न होतं, मारीच हा मुलगा होतो. अगस्त्य ऋषींमुळे सुंद मारला जातो. मग ती मुलाला घेऊन अगस्त्यांवर धावून जाते आणि ऋषी दोघांना शाप देतात. ती विद्रूप, माणसं खाणारी राक्षसीण होते ती त्यानंतर. हे सगळं विश्वामित्रच रामाला सांगतात. बाईला मारायला राम कचरतो, आणि विश्वामित्रांना त्याला पुन्हा पुन्हा समजवावं लागतं. म्हणजे नवरा गमावलेल्या एका बाईचा राग, त्याचं कारण, आणि मारणाऱ्याच्या मनातली चलबिचल, एवढं सगळं मूळ ग्रंथात नोंदलेलं आहे. तिनं मुलूख उजाड केला तेही आहे, वाल्मीकी तिला सोडत नाहीत. पण 'काय त्राटिका बाई आहे!' असं आपण म्हणतो तेव्हा यातलं काय उरतं? फक्त आवाज. राग उरतो आणि कारण गळून जातं.

तेव्हा माझ्या प्रकरणाला खरा विषय मिळाला. इंग्रजीत कॅथरिना, इकडे ताटका, आणि शहापुरात विहिरीच्या काठावरची ती बाई. तिघींचं कारण होतं, तिघींचं कुठेतरी सांगितलंही गेलं होतं, आणि शब्दानं ते पुढे नेलं नाही. अर्थापकर्ष म्हणताना आपण अर्थ खाली गेला असं लिहितो. इथे अर्थातून काहीतरी काढून घेतलेलं आहे. ते काय, हे शोधायला मूळ कथेपर्यंत जावं लागतं.

मग मी जोरात आले. तापट पुरुषांसाठी कोणते शब्द आहेत ते मांडले: दुर्वास, जमदग्नी. दोघंही ऋषी! तापट बायकांसाठी: त्राटिका, कैदाशीण, हिडिंबा. सगळ्या राक्षसिणी. पुरुषाच्या रागामागे तप, बाईच्या रागामागे काही नाही. सुंदर सिद्धान्त. मॅडमनी वाचून विचारलं, "खवीस कुठे गेला?" खवीस मूळचा अरबी शब्द, तिथे त्याचा अर्थ नीच, घाणेरडा, आपल्याकडे तो कोकणातल्या भुतांच्या यादीत बसला आणि मग चाळीतल्या चिडक्या घरमालकालाही लागला. तो पुरुषालाच लागतो आणि तो ऋषी नाही. उलट बाजूला चंडिका आहे, रणचंडी आहे. त्या बाईला लागतात आणि त्या देवी आहेत. हे तीन शब्द मी विसरले नव्हते, सोयीनं बाजूला ठेवले होते. संशोधनात या दोन गोष्टींत फरक करायला शिकणं फार जड जातं. आता तो परिच्छेद प्रबंधात आहे, पण 'बहुधा' आणि 'अधिक वेळा' घालून, आणि खवीस-चंडिकेसह. वाचायला कमी झणझणीत झाला आहे.

'कजाग'चं पान तर मी पूर्ण काढलं. कजाग बाई म्हणजे भांडखोर; आणि कज्जा म्हणजे भांडण, कोर्टातला वाद; लागला संबंध, असं मी गृहीत धरलं होतं. मग उर्दूतला 'कज़्ज़ाक' भेटला, त्याचा अर्थ लुटारू, आणि ज्या तुर्की शब्दातून कोसॅक, कझाक ही नावं आली त्याचाच तो नातलग. तो कजागच्या ध्वनीला कज्ज्यापेक्षाही जवळचा. दोन्ही संबंध कानाला पटतात, आणि कानाला पटणं हा पुरावा नाही. जुन्या कागदांत हा शब्द कुणाला, कोणत्या प्रसंगी लावला आहे ते दाखवल्याशिवाय त्या पानाला प्रबंधात जागा नाही.

व्युत्पत्तीच्या मोहावरून एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीत खडूस म्हाताऱ्यासाठी 'कर्मजन' असा एक शब्द आहे. (मराठी कानाला तो 'कर्म' अधिक 'जन' वाटतो ना? बघा, मोह किती पटकन होतो.) सोळाव्या शतकात त्याचा रोख कंजूष, कद्रू माणसावर होता, आता तो वरून खेकसणाऱ्या, आतून बऱ्या अशा म्हाताऱ्याला प्रेमानं लावतात. तो कुठून आला हे कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही. डॉ. जॉन्सनना कुणीतरी निनावी पत्रानं कळवलं, की हा फ्रेंचमधल्या 'दुष्ट हृदय' अशा अर्थाच्या दोन शब्दांचा अपभ्रंश. जॉन्सननी ते शब्द दिले आणि पुढे आधार म्हणून लिहिलं: अज्ञात पत्रलेखक. वीस वर्षांनी, १७७५ साली, जॉन अ‍ॅश यांनी आपल्या कोशात ही नोंद उतरवून घेतली, आणि तो आधारच अर्थ समजले. त्यांच्या कोशात पहिल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ छापला गेला 'अज्ञात' आणि दुसऱ्याचा 'पत्रलेखक'! अडीचशे वर्षं लोक अ‍ॅश यांना हसत आहेत. मी हसत नाही. मी स्वतः दुसऱ्याच्या प्रबंधातून एक तळटीप अशीच उचलली होती, मूळ पुस्तक न उघडता, आणि ती चूक छापली गेली नाही ती केवळ एका मैत्रिणीनं प्रूफ वाचताना पकडली म्हणून.

कोश न उघडण्याला आता सबबही राहिलेली नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (पहिले सात खंड १९३२ ते १९३८) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट शोधता येतात. आसनगावला बसून, मोबाइलवर. कसारा लोकल लेट असेल तेव्हा मी तेच करते. फक्त कोश वाचताना मॅडमचा प्रश्न सोबत ठेवा: कोशकारानं हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला असेल? मोल्सवर्थच्या हाताखाली शब्द गोळा करणारी मंडळी शास्त्री-पंडित होती. विहिरीच्या काठावर कुणाला काय म्हणतात ते त्यांच्यापर्यंत किती पोचलं असेल?

पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच पाड्यावर पुन्हा गेले. वहीत एक रकाना वाढवला होता: 'कशावरून'. ती बाई भेटली. मी विचारलं, मागच्या वर्षी कशावरून भांडत होता? तिला आधी प्रश्नच कळेना; तिच्या दृष्टीनं ते भांडण नव्हतं. मग म्हणाली, "पानी वाटून घ्या म्हनत व्हते. वीटभट्टीवर गेलेल्या बाया दिस मावळल्यावर येतात. तवर विहिरीत गाळ ऱ्हातो. पयले घरटी दोन हंडे, मंग ज्याला पायजे त्यानं न्यावं. यात काय चुकलं माझं?"

माझं काय चुकलं होतं ते मी तिला सांगितलं नाही.

त्याच दिवशी आणखी एक ऐकलं. ग्रामसभेला कुणी जायचं यावर तरुण बायका बोलत होत्या आणि त्यांतली एक म्हणाली, "आपल्याला पन एखादी तराटका पायजे बाई, तवा कुठं ऐकतील." बाकीच्या हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. माझे कान टवकारले. श्रूडची वाट! शिवीची शाबासकी होतेय, तीही माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या तालुक्यात, आणि यावेळी बायकांच्या बाजूनं! परतीच्या एसटीत मी शीर्षकसुद्धा ठरवलं होतं.

मॅडमनी वही उघडली, रकाने बघितले, 'कशावरून'चा रकाना भरलेला बघून मान हलवली. मग खालच्या नोंदीवर बोट ठेवलं. "एकदा ऐकलंस?"

"एकदा."

"किती पाडे राहिलेत?"

मुरबाडकडचे अकरा राहिलेत. टोकावडे, धसई बाजूचे. पाऊस सुरू व्हायच्या आत जायचं आहे, कारण टँकर बंद झाले की विहिरीच्या काठावर कुणी बोलायला थांबत नाही. ती नोंद तोवर वहीतच आहे, पेन्सिलीनं लिहिलेली.